कोरड्या कालव्याच्या काठाने: केंबल ते स्ट्राउड, एका दिवसात

पहिल्यांदा थेम्स अँड सेव्हर्न कालवा शोधायला गेलो तेव्हा तो ओलांडून पलीकडच्या शेतात पोचलो, तरी मला पत्ता नव्हता. नजर पाणी शोधत होती. पायाखाली झाडोऱ्याने भरलेला एक रुंद चर होता आणि तोच कालवा होता. तेव्हापासून कुणी सोबत आलं की आधी एवढंच सांगतो: पाणी शोधू नका, सपाटी शोधा. डोंगरउतारावर मैलभर एकाच पातळीत जाणारी रेघ निसर्ग सहसा काढत नाही. ती दिसली की समजा, कालवा सापडला.

हा लेख इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या या कालव्याच्या मधल्या टप्प्याबद्दल आहे. केंबल स्टेशनला उतरायचं, सॅपर्टनच्या बोगद्याच्या डोक्यावरून पलीकडे जायचं आणि दरीतून खाली स्ट्राउडला यायचं. अंतर साधारण 20 ते 22 किलोमीटर. बघत, थांबत चाललं तर सात-आठ तास लागतात. दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि गाडीने हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचं आहे, त्यामुळे गेल्या वाटेने परत यावं लागत नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाड्या आहेत.

वाटेत लागेल तेवढा इतिहास

खरं तर हे दोन कालवे. सेव्हर्न नदीपासून स्ट्राउडपर्यंतचा स्ट्राउडवॉटर 1779 साली सुरू झाला. त्याला जोडून स्ट्राउडहून पूर्वेकडे, लेचलेडजवळच्या इंगलशमला थेम्सला मिळणारा थेम्स अँड सेव्हर्न 1789 मध्ये पूर्ण झाला. तो सुमारे 46 किलोमीटर लांब होता आणि त्यावर 44 लॉक होते. लॉक म्हणजे दोन दारांमधली चिरेबंदी पेटी. पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. जिन्याची एक पायरीच म्हणा. स्ट्राउडपासून माथ्यापर्यंत अशा 28 पायऱ्या चढायच्या, माथ्यावर सपाटीने आणि बोगद्यातून जायचं आणि मग 16 पायऱ्या उतरून थेम्सला लागायचं, असा बोटीचा प्रवास असे.

माथ्यावरची सपाटीच कालव्याच्या मुळावर आली. तिथला चुनखडीचा दगड भेगाळलेला आहे. चिकणमाती तुडवून तळाला लेप दिलेला असायचा, पण उन्हाळ्यात भेगांतून पाणी झिरपून जायचं आणि पावसाळी महिन्यांत खालचे झरे उसळून तोच लेप फोडायचे. पाणी साठेना, आणि रेल्वे आल्यावर मालही मिळेना. 1901 मध्ये काउंटी कौन्सिलने कालवा ताब्यात घेऊन डागडुजी केली, तीही पुरली नाही. बोगद्यातून शेवटची बोट 1911 साली गेली. पूर्वेकडचा भाग 1927 मध्ये आणि उरलेला 1933 मध्ये अधिकृतपणे सोडून दिला गेला. स्ट्राउडवॉटरचा नंबर 1954 मध्ये लागला.

पुनरुज्जीवनासाठी स्थानिकांनी 1972 मध्ये संस्था काढली. तीच आजची कॉट्सवोल्ड कॅनाल्स ट्रस्ट. काम स्ट्राउडच्या बाजूने सुरू झालं आहे, म्हणून आपण ज्या दिशेने चालणार आहोत त्या दिशेने कालवा हळूहळू जिवंत होत जातो. सकाळी कोरडा चर, दुपारी पडके लॉक, संध्याकाळी पाणी आणि बदकं. उलट दिशेनेही चालता येतं, पण मग दिवसभर चढ लागतो आणि शेवट कोरडा होतो. मी तरी तसा सल्ला देणार नाही.

पहिली पायरी: घरी बसून नकाशा वाचा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा एक्सप्लोरर 168 हा नकाशा या वाटेसाठी पुरेसा आहे. 1:25,000 प्रमाण म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर. कालव्याच्या नावापुढे कंसात ‘वापरात नाही’ अशा अर्थाचं छापलेलं आढळेल. आता समोच्चरेषा, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेघा, बघा. कालवा त्यांना चिकटून, प्रत्येक घळीत आत शिरून पुन्हा बाहेर येतो. रेघ जिथे एकदम पुढची समोच्चरेषा ओलांडते तिथे लॉक असणार, असं समजून पेन्सिलने खूण करा. हा खेळ घरी अर्धा तास केला तर प्रत्यक्ष चालताना तुम्ही सोबतच्यांना आधीच सांगू शकता, ‘त्या वळणामागे एक आहे’. आणि तो असतो.

मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जा. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे तिथे फुकट बघता येतात आणि शेजारी आजचं उपग्रहचित्र लावता येतं. नाव इंग्रजीतून शोधावं लागेल, तेवढंच. जुन्या नकाशावर प्रत्येक लॉक, धक्का आणि पूल नावानिशी आहे. आज तिथे घर किंवा गाड्या उभ्या करायची जागा असली तर तीही शेजारीच दिसते. मी चालताना या नकाशाचे चार-पाच फोटो मोबाईलमध्ये साठवून नेतो, कारण दरीत रेंज भरवशाची नाही.

तिसरी गोष्ट हक्काची. एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक पायवाटा, तिथे चालायचा कायदेशीर हक्क आहे. नारिंगी तुटक रेघा म्हणजे मालकाने स्वखुशीने दिलेली वाट, ती तो बंद करू शकतो. रेघच नसेल तर कालवा कितीही स्पष्ट दिसला तरी ते कुणाचं तरी शेत आहे. कालवा पुन्हा सुरू करायची योजना आहे म्हणून आपल्याला आत शिरायचा परवाना मिळत नाही. केंबल ते स्ट्राउड टप्प्यात जवळजवळ सगळीकडे वाट आहे, म्हणून सुरुवात इथून करावी.

दुसरी पायरी: दिवस निवडा

माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट ते मार्च सगळ्यात चांगला. झाडांना पानं नसतात, त्यामुळे भिंती, कमानी, भराव सगळं उघडं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये फोटो हिरवेगार येतात, पण दहा पावलांवरचा लॉक दिसत नाही आणि नेटल छातीपर्यंत वाढलेली असते. नेटल म्हणजे आपल्या खाजकुइलीची विलायती बहीण. हात लागला की अर्धा तास झोंबतं. उन्हाळ्यात गेलातच तर पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत गोचीड चिकटली नाही ना हे तपासणं आलंच. तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो.

हिवाळ्याची किंमत म्हणजे चिखल. घोट्यापर्यंत येणारे, तळाला चांगली खाच असलेले बूट घाला. रबरी गमबूट सोयीचे वाटतात, पण वीस किलोमीटर चालल्यावर पाय शिव्या देतात. हातात काठी हवीच. ती कशासाठी ते पुढे येईल. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधारतं, तेव्हा त्या महिन्यात हा पूर्ण टप्पा एका दिवसात करायचा हट्ट धरू नका.

तिसरी पायरी: केंबल ते कोट्सचं बोगद्याचं तोंड

स्टेशनातून निघून थेम्स पाथ या थेम्सकाठच्या पायवाटेच्या खुणा धरत नदीच्या उगमाकडे जा. वाटेत ए433 हा रस्ता ओलांडावा लागतो. हा मूळचा रोमनांचा फॉस वे, सुतासारखा सरळ, आणि म्हणूनच गाड्या सुसाट येतात. घाई करू नका.

ट्रूजबरी मीड नावाच्या कुरणात झाडाखाली एक कोरीव दगड आहे: हा थेम्सचा उगम. बहुतेक वेळा इथे थेंबभरही पाणी नसतं. लोक दगडासोबत फोटो काढतात, इकडेतिकडे बघतात आणि जरा खट्टू होऊन परततात. तुम्ही उत्तरेकडच्या झाडीत थोडं वर जा. तिथे कालवा आहे, तोही कोरडा. कालव्याच्या माथ्यावर पाणी चढवण्यासाठी इथून जवळच वाफेचा पंप बसवला होता, म्हणजे उगमाखालचं पाणी कालव्यानेच उपसलं. नदी आणि तिच्या पाण्यावर जगू पाहणारा कालवा शेजारी शेजारी कोरडे पडलेले बघायला मला तरी दुसरी जागा माहीत नाही.

आता पश्चिमेला वळा आणि हिरवी रेघ सोडू नका. कोट्सचं गोल घर लागतं. कालव्याची देखभाल करणाऱ्या माणसासाठी अशी पाच घरं बांधली होती: चॅलफर्ड, कोट्स, सर्नी विक, मार्स्टन मेसी आणि इंगलशम. तीन मजले, तळाला तबेला आणि वर राहायची जागा. काहींचं छप्पर नरसाळ्यासारखं आत उतरतं होतं, पावसाचं पाणी साठवायला. सगळं आयुष्य पाणी राखण्यात गेलेल्या माणसाला प्यायचं पाणी छपरावरून घ्यावं लागावं, याची गंमत वाटते. कोट्सचं घर आता बिनछपराचं आहे. आत शिरू नका, बाहेरूनच बघा.

पुढे खोल खोदाई सुरू होते. दोन्ही बाजूंच्या दरडी उंचावत जातात, उजेड कमी होतो, आणि शेवटी बोगद्याचं तोंड समोर येतं. शेताच्या तळाशी, जिथे बोटवाल्यांशिवाय कुणी फिरकणार नव्हतं, तिथे खांब आणि कोनाडे असलेलं देवळासारखं दर्शनी काम केलं आहे. तिसरा जॉर्ज राजा 1788 मध्ये हे काम बघायला आला होता. बोगद्यापुढच्या भागाला त्यावरूनच ‘किंग्ज रीच’ म्हणतात. पडझड झालेलं हे तोंड 1977 मध्ये दुरुस्त केलं. वरच्या अंगाला टनेल हाउस नावाची खाणावळ आहे. तीही मुळात बोगदा खणणाऱ्यांसाठी बांधलेली.

बोगद्याची लांबी 3,817 यार्ड, म्हणजे जवळपास साडेतीन किलोमीटर. 1811 मध्ये स्टँडएजचा बोगदा सुरू होईपर्यंत देशात याहून लांब बोगदा नव्हता. एरवी बोट काठावरून घोडा ओढायचा, पण आत घोड्यासाठी वाट नव्हती. खलाशी पाठीवर आडवे पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत बोट ढकलत नेत. आत आता छत कोसळलेलं आहे. चुनखडीच्या मध्ये ‘फुलर्स अर्थ’चा थर आहे, म्हणजे आपली चेहऱ्याला लावायची मुलतानी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि चिऱ्यांचा घाट मोडून टाकते. तोंडातून आत डोकावण्याचा मोह कितीही झाला तरी आत जायचं नाही.

चौथी पायरी: बोगद्यावरून

कालवा जमिनीखाली आणि आपण वर. इथे सपाटीचा नियम चालत नाही, दुसरी खूण लागते. बोगदा खणताना ठिकठिकाणी उभ्या विहिरी खोदल्या, त्यांतून माणसं उतरत आणि दगडमाती वर येई. ती माती विहिरीभोवतीच टाकली. हेली वूडमधून जाताना झाडं असलेले बुटके, गोल उंचवटे दिसतील. एक दिसला की काहीच वाटत नाही. दुसरा, तिसरा दिसला आणि ते एका ओळीत आहेत हे लक्षात आलं, की पायाखालचा बोगदा डोळ्यांसमोर उभा राहतो. उंचवट्याच्या मधल्या खड्ड्यात उतरू नका, जुनी विहीर कशी बुजवली आहे ते वरून कळत नाही.

रेल्वे ओलांडून, शेतांतून सॅपर्टन गाव येतं. जेवणाला चर्चच्या बाजूची कड उत्तम आहे, खाली फ्रोम नदीची दरी पसरलेली असते. पुढे उतार तीव्र आहे आणि ओला असेल तर घसरडा.

पाचवी पायरी: 28 पायऱ्या मोजत खाली

दरीत उतरलं की बोगद्याचं पश्चिमेचं तोंड. हे किल्ल्याच्या दरवाजासारखं आहे, वर चर्या काढलेल्या. 1996 मध्ये ते डागडुजी करून उभं केलं. इथून काठाने चालत डेनवेच्या खाणावळीपर्यंत या आणि पहिला लॉक शोधा. सापडणार नाही. तो खाणावळीच्या गाड्या उभ्या करायच्या जागेखाली गाडलेला आहे. मोजणी तरीही एकपासूनच सुरू करा.

पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत, सिकरिज वूडच्या पायथ्याशी, लॉकमागून लॉक लागतात आणि सगळे पडके आहेत. या दिवसातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याचाही भाग हाच. लॉकची भिंत तीन-चार मीटर खोल असते. कडेवर आयव्हीची वेल इतकी दाट पसरते की कड आहे त्याहून हातभर पुढे भासते. एकदा फोटोसाठी पुढे सरकताना मी सवयीने काठी टेकवली आणि ती कोपरापर्यंत आत गेली. खाली दगड नव्हताच, नुसत्या पानांची चादर होती. त्या दिवसापासून लॉकच्या कडेला काठी आधी, पाय नंतर. मुलं असतील तर हात धरा.

एखादा लॉक निवडा आणि तिथे पंधरा मिनिटं घाला. वरच्या टोकाशी भिंतीत उभा, गोलसर खोबणीसारखा भाग दिसेल, जणू दगडात अर्धा खांब कोरून काढला आहे. दाराचा खांब याच खोबणीत फिरायचा. हात फिरवून बघा, शेजारचे चिरे खरबरीत आणि खोबणीतला दगड गुळगुळीत. लाकूड शंभराहून जास्त वर्षं घासून गेलं त्याचा तो परिणाम. थोडं अलीकडे समोरासमोर दोन सरळ उभ्या खाचा असतात. दुरुस्तीच्या वेळी त्यांत फळ्या सरकवून पाणी अडवत. दाराच्या वरच्या बाजूला काठावर एखादा दगडी तोंडाचा चर सापडला तर तो सांडवा, जास्तीचं पाणी बाजूने काढून द्यायला. इथल्या बऱ्याच लॉकच्या पोटात मध्येच एक अरुंद कमानीसारखं जादा बांधकाम दिसतं. पाणी वाचावं म्हणून लॉक आखूड केले, त्या वेळचं ते काम आहे. आणि भिंतीतून बाहेर आलेली मुळं बघा. सायकॅमोर किंवा अ‍ॅशचं रोप चिऱ्यांच्या सांध्यात रुजतं आणि जाड होत होत अख्खी भिंत आत ढकलतं. आपल्याकडे बुरुजावर पिंपळ उगवतो, तसलंच प्रकरण.

पुलांच्या कमानीखाली गेलात तर वाटेच्या बाजूची कड बोटांनी चाचपा. दोरखंडाने कापलेल्या आडव्या खाचा हाताला लागल्या तर तो घोडे बोटी ओढून नेत होते त्याचा माग. मला त्या दर वेळी सापडतातच असं नाही.

साचलेल्या पाण्यात हात घालू नका. घातलाच तर खाण्याआधी धुवा, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस इथेही असतो.

चॅलफर्डला दरी अरुंद होते आणि गिरण्या सुरू होतात. तिथल्या गोल घरात लोक राहतात, खिडकीशी जाऊन फोटो काढू नये. या गिरण्यांमधून लष्करी गणवेशांचं लाल कापड जायचं. आपल्या इतिहासात जे लाल डगलेवाले येतात, त्यांच्या डगल्यांना लागणाऱ्या कापडाचा हा मुलूख. कालव्याने येई तो मुख्यतः कोळसा, याच गिरण्यांसाठी.

पुढचं ब्रिम्सकोम पोर्ट ओळखू येणार नाही, कारण ते बुजवून वर इमारती उठल्या. इथे माल एका बोटीतून दुसरीत का घालत, हे मात्र समजून घ्या. पश्चिमेचे लॉक सेव्हर्नवरच्या आखूड, रुंद बोटींच्या मापाचे आणि पूर्वेचे थेम्सच्या लांब, अरुंद बोटींच्या मापाचे. एकाच कालव्यावर दोन मापं, त्यामुळे सगळा माल इथे उतरवून चढवावा लागे. रेल्वेच्या गेजबद्दल, म्हणजे रुळांमधल्या अंतराबद्दल, भांडणाऱ्यांच्या कितीतरी आधी हा घोळ घालून झाला होता.

ब्रिम्सकोमनंतर पाणी दिसायला लागतं. लॉकना नवी लाकडी दारं आहेत आणि बोब्रिजसारख्या ठिकाणी तुम्ही सकाळपासून ज्या खोबण्या रिकाम्या बघत आलात त्यांत दाराचा खांब बसलेला असतो. थांबून बघा. दुरुस्तीच्या कामामुळे कधी वाट बंद असते. पिवळ्या पाटीवर वळणरस्ता दिला असेल तर तोच घ्यावा, कुंपण ओलांडून जाऊ नये. वॉलब्रिजचा खालचा लॉक अठ्ठाविसावा. मोजणी सत्तावीस आली तर बहुधा गाडलेल्यांपैकी एखादा सुटला. स्ट्राउड स्टेशन इथून चार पावलांवर आहे.

उरलेले दोन तुकडे

पश्चिमेचा तुकडा, स्ट्राउड ते सॉल जंक्शन, सोपा आणि सपाट आहे, अर्ध्या दिवसात होतो. स्टोनहाउसला सेंट सिर चर्चच्या पायाशी ‘ओशन’ नावाचं रुंद पाणी आहे. तिथला रेल्वेचा बांध कालव्याचा रस्ता अडवून बसला होता. 2021 च्या नाताळात गाड्या बंद ठेवून त्याखाली पूल बसवला. त्याच्या पुढे एम5 महामार्ग बांधताना सुमारे मैलभर कालवा पुसला गेला. त्याला ‘मिसिंग माइल’ म्हणतात आणि तो नव्याने खणायचं काम हाती घेतलं आहे. ए38 च्या चौकात कालवा रस्त्याखालून नेला आहे, तो आवर्जून बघा. या पट्ट्यात निघण्याआदल्या दिवशी ट्रस्टच्या संकेतस्थळावर वाट खुली आहे का ते तपासा.

पूर्वेचा तुकडा अवघड, पण पायांना नव्हे. केंबलहून सिडिंग्टन, साउथ सर्नी, सर्नी विक आणि पुढे क्रिकलेडपर्यंत तुकड्यातुकड्याने कालव्याकाठची वाट मिळते, आजूबाजूला खडी काढून झालेल्या खाणींची तळी आहेत. क्रिकलेडनंतर बहुतेक खासगी शेती आहे. तिथे हट्ट सोडून थेम्स पाथ धरा आणि लेचलेडला निघा. लेचलेडच्या अलीकडे, नदीच्या पलीकडच्या काठावर पॉप्लरच्या झाडांत इंगलशमचं गोल घर दिसतं. त्याच्या बाजूला झाडीत जी फट आहे तिथून कालवा थेम्सला मिळत होता. पलीकडे जायला वाट नाही. दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा.